पाडव्याची नांगरट आणि आमचा सातबारा

यंदा पाडव्याच्या तीन दिवस आधी माझा पुतण्या आणि सून ऊसतोडीवरून गावी आले. पाच महिने फडात काढून आले. ट्रॉलीतून कोपीचं सामान उतरलं, भांडी उतरली, दोन कोयते उतरले, झोपलेलं लेकरू उतरलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुतण्या गायरानातल्या रानात गेला. त्याच्या मागं मीही गेलो. माझं वय सत्तरीला टेकलंय, चढ चढताना दम लागतो. वर पोचलो तर हा बांधावर बसलेला. खिशातून त्यानं एक कागद काढून माझ्या हातात दिला.

कागद मुकादमाच्या हिशेबाचा होता. एका बाजूला उचल किती, फिटली किती, अंगावर बाकी किती. दुसरी बाजू कोरी होती, तिच्यावर ह्यानं आपल्या हातानं लिहिलं होतं : विहीर. एक एकर सीताफळ. चार शेळ्या. बांध दुरुस्ती. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून : कोयता बंद.

"मोठेबाबा, ह्यातलं काय जमंल?"

मी आयुष्यभर मास्तरकी केली. पोरांच्या कितीतरी प्रश्नांना उत्तरं दिली. ह्या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता येईना. कारण आम्ही ज्या पाच एकरांच्या बांधावर बसलो होतो ते पाच एकर साठ वर्षं आमच्या वहितीत आहेत आणि सातबाऱ्यावर आमचं नाव नाही. विहीर म्हटली की सातबारा लागतो. झाडं लावायची तर ती फळाला येईपर्यंत रान आपल्याकडं राहील ह्याची खात्री लागते. पुतण्याला मी तेव्हा एवढंच म्हणालो, "आधी नांगरट उरकू." पण कागद माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख. चळवळीतल्या पोरांनी तो वाचावा, कारण ही गोष्ट आमच्या एकट्या घराची नाही.

मित्रांनो, शेतीचा इतिहास पुस्तकांत राजांच्या महसुलाचा असतो, नाहीतर बागाईतदारांच्या कारखान्यांचा. आपल्या माणसाच्या चैत्राचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो लिहायचा तर पाडव्यापासूनच सुरू करावा लागतो.

पाडवा म्हणजे गावाचं नवं वरीस. गुढी, कडुलिंब, गोडधोड. आमच्या वस्तीत पाडव्याचा अर्थ वेगळा होता. पाडव्याला साल ठरायचं. माझा आज्जा सालगडी होता. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, घोंगडी एक, वहाणांचा जोड एक, असं मालकाच्या ओसरीखाली उभं राहून ठरायचं. बरेचदा मागच्या सालाचं देणं अंगावर असायचं. मग ठरवायचं काय? मालक म्हणायचा, ह्याच घरी राहा. आज्जा राहायचा. पाडव्याच्या सकाळी मालकाचं औत धरायचा आणि दुसऱ्याच्या रानाची नांगरट सुरू करायचा.

तेव्हा सालगड्याचं 'पुढं' म्हणजे पुढचा पाडवा. त्याच्या पलीकडं डोकं चालवायचं त्याला कारण नव्हतं. विहीर कुठं पाडायची, आंबा कुठं लावायचा, हा विचार मालकाचा. गड्याचं काम खांदणं. गावगाड्यानं आपल्याकडून जमीन हिरावली ती हिरावलीच, पण तिच्याबरोबर उद्याचा विचार करायची सवयही हिरावली. हे मला फार उशिरा कळलं.

सालगडी नसलेल्यांचा चैत्र खळ्यावर जायचा. रब्बीची ज्वारी निघाली की महारानं बलुतं मागायला खळ्या-खळ्यानं हिंडायचं. रास मालकाची. आपल्या वाट्याला चार पायल्या आणि खळं झाडून निघालेलं मातेरं. हे बलुतं कशाबद्दल? सरकारी सारा पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताची वर्दी गावोगाव न्यायची. रात्र नाही, दिवस नाही. आणि ह्या सगळ्याला नाव काय? वतन!

वतनाची जमीन काही ठिकाणी होतीही. हाडकी-हाडवळा म्हणत. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्यानं ही चाकरी आणि ही जमीन एकमेकांना बांधून टाकलेली होती. चाकरी सोडली तर जमीन गेली. जमीन धरायची तर गुलामी धरायची. पिढ्या वाढल्या तसे तुकडे झाले. एका तुकड्यावर दहा-वीस घरं हक्क सांगणार, पीक कुणालाच पुरणार नाही, पण 'आम्ही वतनदार' हा ताठा मात्र प्रत्येकाला. भाकरीचा तुकडा दाखवून कुत्र्याला दारात बसवावं तसं आपल्याला त्या तुकड्यावर बसवलेलं होतं.

बाबासाहेबांनी हे मर्म ओळखलं. पण त्यांचा शेतीचा अभ्यास वतनाच्याही आधीचा आहे, हे आपल्या पोरांना फारसं माहीत नसतं. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्या काळातले विद्वान म्हणत होते, तुकडे लहान आहेत म्हणून शेती बुडाली, तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर घालायला भांडवल किती, अवजारं किती, जनावरं किती, ह्यावर ते ठरतं. आणि शेतीवर फुकट ओझं होऊन बसलेले हात उद्योगधंद्यात गेल्याशिवाय शेती सुधारणार नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार पुतण्याच्या कागदाला आजही लागू पडतो. पाच एकर आहेत. पाणी नाही, भांडवल नाही. म्हणून हात फडात.

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. मागणी साधी होती. पूर्ण सारा भरायला तयार असलेल्या महाराला चाकरीतून मोकळं करा आणि जमीन रयतेसारखी त्याच्या नावावर ठेवा. बलुत्याच्या जागी रोख पैसा द्या. बिलाची अशी मोडतोड झाली की १९२९ ला त्यांनी ते मागं घेतलं. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं त्यांनी खोती नष्ट करायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलावर चालून गेले. त्या मोर्च्यात महार होते आणि कुणबीही होते. हे मुद्दाम सांगतो. जमिनीच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी जातीच्या बाहेरची माणसं उभी केली होती.

वतनं मोडायचा कायदा १९५८ चा. अंमल १९५९ पासून. म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर. चाकरी गेली हे सोन्यासारखं झालं. जमीन मात्र पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायला साऱ्याच्या पटीत रक्कम भरायची होती, मुदतीत भरायची होती. ज्यांना कागद वाचता आला, ज्यांच्याकडं पैसे होते, त्यांची जमीन राहिली. बाकीच्यांची आधीच सावकाराच्या, पाटलाच्या ताब्यात गेलेली, ती तिथंच मुरली.

हे झालं मुंबई इलाख्याचं. आमचा मराठवाडा निजामाचा. इथं १९४८ पर्यंत हैदराबादचं राज्य. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात आमच्या वस्तीला इनाम म्हणून सांगण्यासारखा तुकडाही नव्हता. होता तो डोंगर, आणि डोंगराच्या उताराचं गायरान.

गायरान म्हणजे गावच्या जनावरांसाठी राखलेली सरकारी जमीन. 'गावची' असं म्हणतात. पण त्या गावात आम्ही कधी मोजले गेलो होतो? ज्याच्याकडं वीस जनावरं त्याला गायरानाचा उपयोग वीस पट. ज्याच्याकडं एक शेळी त्याला तेवढाच. आणि गायरानाच्या कडेनं ज्यांची रानं होती त्यांनी वर्षाला एक-एक तास पुढं सरकत बांध कधीच पुढं नेलेले होते. ते अतिक्रमण कुणाला दिसलं नाही. त्याला 'वहिवाट' म्हणायचं. आपण नांगर घातला की त्याला गुन्हा म्हणायचं.

काही मित्र विचारतात, "बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं, मग तुम्ही जमिनीला चिकटून का?" प्रश्न रास्त आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याचं कौतुक झिडकारून लावलं, हे खरं. पण त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९४२ ला नागपूरच्या परिषदेत सरकारी पडीक जमिनीवर आपल्या माणसांच्या स्वतंत्र वसाहती उभारायची मागणी झाली. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनातही ती आहे. त्याच निवेदनात सगळी शेती सरकारच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीनं कसावी, जमीनदार नसावा, कूळ नसावं, भूमिहीन मजूर नसावा, असा आराखडा आहे. म्हणजे बाबासाहेबांचा राग गावगाड्यावर होता. मातीवर त्यांचा राग नव्हता. गायरानाचा लढा ह्याच धाग्यातून निघालेला आहे.

मराठवाड्यात १९५३ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली नाशिक, नगर, खानदेश, मराठवाडा पेटला. आणि १९६४ च्या डिसेंबरात देशभर. दादासाहेब १९०२ चे, दिंडोरीच्या आंबे गावचे, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात तावून निघालेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढं त्यांनी मागण्या ठेवल्या. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनाला, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र. तीन लाखांच्या वर माणसं तुरुंगात गेली असं चळवळीत सांगितलं जातं. तुरुंग कमी पडले. ध्यानात घ्या, मागण्यांतलं तैलचित्र लागायलासुद्धा १९९० साल उजाडलं. जमिनीची मागणी अजून आमच्या बांधावर बसलेली आहे.

त्या तीन लाखांत माझा बाप होता. मी तेव्हा आठ वर्षांचा. बाप गेला तेव्हा माय म्हणाली, "लेकरं काय खातील?" बाप म्हणाला, "आज जी खातेत तीच. पर उद्या आपली खातील." हे वाक्य मी बापाच्या तोंडून एकदाच ऐकलं. माय ते आयुष्यभर सांगायची, कधी अभिमानानं, कधी चिडून.

बाप सुटून आला आणि १९६५ च्या चैत्रात आमच्या वस्तीतल्या अकरा घरांनी गायरान फोडलं. त्या वर्षी पाडव्याला बाप मालकाच्या ओसरीखाली उभा राहिला नाही. हीच आमच्या घरातली पहिली क्रांती.

रान फोडणं म्हणजे काय हे फोडणाऱ्यालाच कळतं. उताराची मुरमाड जमीन, वर दगड, खाली खडक. बैल नव्हते. पहिल्या साली नांगर चाललाच नाही, टिकावानं खणलं. बाप आणि चुलते खणायचे. माय आणि चुलत्या पाटीत दगडं भरून उताराच्या खालच्या अंगाला रचायच्या. त्या दगडांचीच ताल झाली. पावसाचं पाणी अडायला लागलं, माती साठायला लागली. हराळीच्या मुळ्या हातभर खोल गेलेल्या. त्या पोरांनी वेचायच्या, वाळवायच्या, पेटवायच्या. आम्ही पोरं तेच करायचो. उकिरडा आमचा हाताएवढा, तरी शेणखत पाटीपाटीनं डोक्यावर नेऊन टाकलं. रोहिणी निघेपर्यंत दीड एकर रान काळं दिसायला लागलं. मिरगाच्या पावसावर बाजरी आणि मूग टाकला. बी मायनं मागून आणलेलं, राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं.

पहिलं पीक खाल्लं ते गावच्या जनावरांनी. मुद्दाम सोडलेल्या. दुसऱ्या साली तलाठ्यानं येऊन दंड ठोकला. अतिक्रमणाचा दंड. बापानं मजुरीचे पैसे भरून पावती घेतली. तिसऱ्या सालीही दंड, चौथ्या सालीही. एकदा तालुक्याच्या कोर्टात उभं केलं. "जमीन कसलीस का?" "व्हय, कसली." गुन्हा कबूल. पुन्हा दंड, पुन्हा पावती. बापाला वाचता येत नव्हतं, पण एकही कागद त्यानं टाकला नाही. पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली, पावत्यांची चवड वाढत गेली. मला वाटायचं, आपल्या अपमानाचे हे कागद बाप का जपतो?

१९७२ चा दुष्काळ आला. दोन सालं रानात काडी उगवली नाही. माय-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आम्ही सुकडी खाल्ली. रान पडून राहिलं. तलाठ्याच्या दप्तरात त्या सालांपुढं 'पड' असा शेरा पडला आणि त्याची आम्हाला दाद ना फिर्याद. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनंही दलितांच्या जमिनीचा प्रश्न घेतला. मी तेव्हा औरंगाबादला शिकायला गेलो होतो. खोलीवर रात्र-रात्र चर्चा व्हायच्या. गावाकडं बाप तालीचे ढासळलेले दगड पुन्हा रचत होता. दोन्हीही चळवळच होती, पण मला त्या वयात फक्त खोलीवरची दिसायची.

मग १९७८. ह्या एका सालात आमचा सगळा इतिहास भरलेला आहे. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना ठार मारलं. आमच्याकडं मरण झालं नाही, पण एका रात्रीत गायरानातल्या उभ्या पिकात जनावरं घातली, कडब्याची गंज पेटवली, ताल उकरली. विद्यापीठाच्या नावाचा राग ज्वारीच्या ताटांवर का? कारण ज्याला नाव हवंय त्यालाच जमीनही हवीय, हे त्यांना नीट ठाऊक होतं. नामांतर आणि गायरान हे दोन प्रश्न आहेत असं फक्त आपल्यालाच वाटत होतं.

त्याच १९७८ च्या डिसेंबरात सरकारचा निर्णय निघाला. ३१ मार्च १९७८ ला ज्या भूमिहीनांची सरकारी जमिनीवर शेतीसाठी अतिक्रमणं आहेत ती नियमित करायची. बातमी गावात आली. अर्जासोबत पुरावा मागितला. आणि पुरावा कोणता? दंडाच्या पावत्या! कोर्टाचे समन्स! पंचनामे! गाव नमुना एक-ई, म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणांची नोंदवही, तिच्यातली नोंद! ज्या कागदांनी आम्हाला गुन्हेगार ठरवलं तेच कागद आता आम्ही कसणारे असल्याची साक्ष देणार होते. बापानं पेटी का जपली हे मला त्या दिवशी कळलं.

अकरा घरांपैकी तीन घरांची जमीन नावावर झाली. भोगवटादार वर्ग दोन म्हणून. विकता येणार नाही, पण नाव लागलं. आमचा अर्ज मात्र 'सलग वहिती नाही' म्हणून अडकला. सलग का नाही? तर १९७२ आणि ७३ चा 'पड' शेरा. दुष्काळात मराठवाड्यात कुणाचं रान पडलं नव्हतं? पाटलाचं पडलं तर त्याला दुष्काळ म्हणायचं. आमचं पडलं तर म्हणायचं, हे कसतच नव्हते.

२८ नोव्हेंबर १९९१ ला पुन्हा निर्णय निघाला. आता मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंतची. पुन्हा अर्ज. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी ह्या काळात जमिनीचा प्रश्न हाती घेतला, गावोगाव पोतराजाचे केस कापत आणि गायरानं धरायला लावत ते हिंडले. त्या लढ्यात मांग समाज मोठ्या संख्येनं उतरला. इथं आपली एक चूक कबूल करायला पाहिजे. आमच्या गायरानाच्या वरच्या अंगाला मांगाची चार घरं आणि पारध्याचं एक घर. १९७८ ला आम्ही आमचे अकरा अर्ज भरले. त्यांचे भरायला कुणी गेलं नाही. लिहिता येणारा सगळ्या डोंगरात मी एकटा होतो. मी गेलो नाही. बौद्ध म्हणवून घेणाऱ्या माणसानं केलेली ही अस्पृश्यता आहे, दुसरं नाव तिला नाही.

बाप १९९४ च्या जानेवारीत गेला. नामांतर झाल्याचं ऐकून गेला, सातबारा न बघता गेला. जायच्या आधी दोन वर्षं त्यानं वरच्या बांधाला आंब्याच्या कोया पुरल्या होत्या. मी म्हणालो होतो, "रान नावावर नाही, आंबे कशाला?" म्हणाला, "झाड काय कागद बघून वाढतंय का?" त्यातला एकच आंबा जगला. आज त्याच्या सावलीत आम्ही भाकरी खातो.

त्यानंतरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं पंजाबच्या जगपालसिंग खटल्यात गावच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच्या आधारानं राज्यात जुलै २०११ ला कडक निर्णय आला. २०२२ च्या ऑक्टोबरात हायकोर्टानं वर्षअखेरची मुदत घातली. आमच्या वस्तीवरही नोटीस आली. राज्यभर मोर्चे निघाले. आमच्या रानात यंत्र घेऊन कुणी आलं नाही, पण नोटीस कुणी मागंही घेतली नाही. आता सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी द्यायचं धोरण आलंय. डोंगरउताराची उघडी गायरानं त्यांना सोयीची. आम्ही साठ वर्षं दगडं वेचली ते रान नकाशावर अजून 'मोकळं'च आहे.

पण पोरांनो, निकाल नुसता ऐकू नका, वाचा. जगपालसिंगच्या निकालातच अपवाद सांगितलेला आहे. सरकारी अधिसूचनेनं भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जिथं पट्टे दिलेत, तिथं अपवादानं नियमित करता येईल. म्हणजे १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांखाली आपण पात्र होतो, अर्ज केला होता आणि तो सरकारनं निकालात काढला नाही, हे दाखवणं ही आपली लढाई आहे. साहेब लोक निकालाचं पहिलं पान दाखवतात. आपण शेवटचं पान उघडून ठेवलं पाहिजे.

आता पुतण्याच्या कागदाकडं येतो.

विहीर. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला विहिरीसाठी अनुदान आहे, योजनेला नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना. २०१७ पासून ती चालू झाली. अट काय? सातबारा. भूमिहीनाला चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत विकत घेऊन द्यायची योजना आहे, तिला नाव आहे दादासाहेब गायकवाडांचं. आमच्या पंचक्रोशीत त्या भावात जमीन विकणारा सापडत नाही. सापडला तरी वस्तीला विकत नाही. पीक विमा, बँकेचं कर्ज, किसान सन्मानचे पैसे, सगळं सातबाऱ्यापाशी येऊन थांबतं. २०२१ पासून मोबाईलवर ई-पीक पाहणी आली. पुतण्यानं गट नंबर टाकला, खातेदारांच्या यादीत आपलं नाव शोधलं. नाही. पिकाचा फोटो त्याच्या हातात, आणि पीक कुणाचंच नाही!

म्हणून तो कोयता उचलतो. पाडव्याच्या सालगड्याची जागा आज दसरा-दिवाळीच्या उचलीनं घेतलीय. तेव्हा साल पाडव्याला सुरू व्हायचं, आता पट्टा पडला की पाडव्याच्या आसपास सुटका होते. मधल्या दोन-अडीच महिन्यांत नांगरट, वखराच्या पाळ्या, धसकटं वेचणं, ताल सावरणं, पेरणी. आमचा शेतकरीपणा त्या तेवढ्या दिवसांत बसवलेला आहे.

यंदाची नांगरट ट्रॅक्टरनं केली, भाड्यानं. कोपरे राहिले ते कुदळीनं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी घरातले सगळे आंब्याखाली बसलो आणि त्या कागदावर चर्चा केली. सून म्हणाली, "विहीर राहू द्या. आधी सीताफळ लावू." पुतण्या म्हणाला, "पाण्याबिगर?" ती म्हणाली, "डोंगरात आपोआप येतंय, त्याला कोण पाणी घालतंय? पहिली दोन सालं मी डोक्यावर घागर आणीन. पर मला फडात पाठवू नका." मग पत्र्याची पेटी तिथंच उघडली. पावत्या निघाल्या. प्रत्येकीवर बापाचं नाव. मायचं नाव एकावरही नाही. सगळी ताल तिनं रचली, पण गुन्हासुद्धा तिच्या नावावर कुणी लिहिला नाही. तेव्हा ठरलं की नवा अर्ज सुनेच्या आणि पुतण्याच्या, दोघांच्या नावानं जाईल. आणि वरच्या अंगाच्या पाच घरांचे अर्ज मी लिहीन, आमच्या अर्जाच्या आधी.

तुम्हा कार्यकर्त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. चौदा एप्रिलला मिरवणूक काढता ती काढा. पण एप्रिल म्हणजे चैत्र, म्हणजे नांगरटीचा महिना, म्हणजे कोयता घेऊन गेलेली माणसं घरी असण्याचा महिना. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी गायरानावर जा. प्रत्येक घराची पेटी उघडा. पावत्या, समन्स, पंचनामे, तुरुंगाच्या चिठ्ठ्या, जुन्या अर्जांच्या पोचा, सालवार लावा. तलाठ्याकडून नमुना एक-ई चा उतारा लेखी अर्ज करून मागा, तोंडी मागू नका. म्हाताऱ्या बायांचे जबाब लिहून घ्या, कारण त्या गेल्या की तालीचा दगड कुणी रचला हे सांगणारं कुणी उरणार नाही. नांगरट झालेल्या रानाचे फोटो काढा. आणि हे करताना मांग, पारधी, वडार कुणाचंही घर वगळू नका.

सरकार आम्हाला दरवर्षी विचारतं, "तुमचा ह्या जमिनीवर हक्क काय?" माझा बाप कोर्टात जे म्हणाला तेच आमचं उत्तर. व्हय, कसली.

सुनेनं सीताफळाच्या बिया भिजत घातल्यात. रोपं मिरगापर्यंत तयार व्हायची नाहीत, यंदा नाही तर पुढच्या साली लागतील. खड्डे मात्र आत्ताच घ्यायचेत, उन्हात चांगले तापतात. उद्या सकाळी कुदळ घेऊन वर जायचंय. म्हणून इथं थांबतो.

जयभीम.